बायची गोळी आणि माझी दोन टेबलं

माझ्या मोठ्या बहिणीची गोळी मी तीन आठवडे बंद करून ठेवली. डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांची चिठ्ठी नीट वाचली नाही, फोनसुद्धा केला नाही. पाकिटावरचं नाव वाचलं आणि बंद केली. ती गोळी ज्या पावडरीची होते, ती पावडर मी बारा वर्षं स्वतःच्या हाताने तपासत आलो आहे. अडाण्याने असं केलं असतं तर लोक त्याला चूक म्हणाले असते. मी जाणकार, म्हणून माझा मूर्खपणा झाला.

एवढं कबूल केलंच आहे, तर आता थोडी बढाई मारून घेतो. त्याशिवाय हा मूर्खपणा कसा घडला ते कळणार नाही.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. आमच्याकडे गोळ्या होत नाहीत. गोळीच्या पोटात जो खरा माल असतो, तो होतो. पांढरी पावडर, दोन पिशव्यांत बांधलेली, निळ्या ड्रममध्ये. ड्रम इथून निघतो, कुठल्या तरी लांबच्या गावी त्याच्या गोळ्या होतात, चकचकीत पाकिटात बसतात आणि फिरून फिरून बोईसरलगतच्या सरावलीत माझ्या बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्ये येतात. मी दुकानासमोरून जाताना त्या कपाटाकडे असा बघतो, जसा शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाप स्टेजकडे बघतो. पाहुणे बोईसरला उतरले की नाकाला रुमाल लावतात. मी त्यांना सांगतो, "रुमाल काढा. कुणाची तरी डोकेदुखी शिजतेय, तिचा वास आहे हा."

मूळचा मी दातिवऱ्याचा. घर किनाऱ्यावर, बापाची होडी, आईची सुक्या मासळीची पाटी. पालघरच्या कॉलेजात जाऊन बीएस्सी झालेला घरातला पहिला मीच. आमच्या सात पिढ्यांत ज्याच्या शर्टाला मासळीचा वास येत नाही असा एकमेव पुरुष. माझ्या शर्टाला टोल्युइन नावाच्या रसायनाचा येतो. गावात मला 'दाक्तर' म्हणतात. निम्मे कौतुकाने म्हणतात, निम्मे टर उडवायला. मी दोन्ही निम्मे कौतुकातच धरतो.

आता त्या दोन टेबलांविषयी.

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीकडच्या टेबलावर दुखण्याच्या औषधांचा माल तपासला जातो आणि भिंतीकडच्या टेबलावर उदासीच्या औषधांचा. खिडकीकडे आयबुप्रोफेन. त्याची पावडर मिथेनॉलमध्ये विरघळवायची, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा. बराच वेळ काही होत नाही. मग एक थेंब असा पडतो की सगळं पाणी गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. तिथे थांबायचं. आयबुप्रोफेन हे आम्ल आहे. एका कड्याला लटकलेली आम्लाची शेपटी. तिला शांत करायला किती सोडा लागला, त्यावरून माल किती शुद्ध ते कळतं. भिंतीकडचं काम बरोबर उलट. तिथे ॲमिट्रिप्टिलीन. हा गडी अल्कली जातीचा, शेपटीच्या टोकाला नायट्रोजन घेऊन फिरणारा. त्याला आमच्या जुन्या पद्धतीत तीव्र ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवतात आणि वरून पर्क्लोरिक ॲसिड सोडतात. रंग जांभळ्याचा निळा होतो, निळ्याचा हिरव्याकडे झुकतो. नाक जळतं, डोळे चुरचुरतात, पण तो निळा-हिरवा क्षण अचूक पकडण्यात माझा हात धरणारा आमच्या लॅबमध्ये कुणी नाही. हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण बाकीचे नाकारत नाहीत.

कारखान्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे सरमिसळ. एका औषधाचा कण दुसऱ्यात गेला तर अख्खी बॅच जाते. म्हणून चमचे वेगळे, ब्रश वेगळे, एप्रन वेगळे. एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचं तर हातमोजे बदलून जायचं. फाइलींच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, इकडे 'वेदनाशामक', तिकडे 'नैराश्यविरोधी'. बारा वर्षं रोज ही दोन नावं वाचली की माणसाला वाटायला लागतं, देवानेच जग असं वाटून दिलं आहे. दुखणारे खिडकीकडे, रडणारे भिंतीकडे.

आणि अशा डोक्याने मी माझ्या बहिणीचं पाकीट हातात घेतलं.

तिला मी बाय म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. नवऱ्याची होडी आहे, पण होडी त्याची असली तरी वलांडी तिची. बांबू उभे करून, आडव्या दोऱ्या ताणून त्यावर बोंबील वाळवतात, त्याला आमच्याकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बघायला सोपं. मी एकदा करून बघितलं, माझ्या जोड्या वाऱ्याने सुटून वाळूत पडल्या आणि गावातल्या मांजरांनी माझं नाव काढलं. बायच्या हातची जोडी मात्र वादळ आलं तरी सुटत नाही. ती बोलता बोलता, कुणाला तरी शिव्या देता देता, न बघता जबडा जबड्यात घालते. मी निळा-हिरवा रंग पकडतो ना, तसंच. फक्त तिचं जास्त अवघड आहे.

पाऊस संपता संपता बायला नागीण झाली. उजव्या बरगडीवर, बगलेपासून पाठीपर्यंत पाण्याचे फोड. गावात बायका जमल्या. नागिणीचं तोंड तिच्या शेपटीला मिळालं की माणूस जातो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून एकीने गेरू आणला, एकीने दोऱ्याने बरगडी मोजली. बाय म्हणाली, "मिळू दे तोंड. पन आदी बोंबील वाळू दे." मग तिचा नवरा तिला एसटीत घालून पालघरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. औषध मिळालं, फोड सुकले, खपल्या पडल्या. नागीण गेली.

दुखणं गेलं नाही. फोड होते तिथे आता नुसते फिकट डाग, पण त्या जागी पदर लागला तरी बाय कळवळायची. कुणी इस्त्री फिरवतंय, असं म्हणायची. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आणि वलांडीचं काम सगळं खांद्याच्या वरचं. बोंबिलांचा हंगाम तोंडावर आला होता. आमच्या गावात एकीच्या दोरीला दुसरी बोलावल्याशिवाय हात लावत नाही, आणि हंगामात कुणाची दोरी रिकामी राहिली तर ती सगळ्या गावाला दिसते. लग्न झाल्यापासून बायची दोरी कधी रिकामी राहिली नव्हती. यंदा राहणार, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तोंडाने ती हे मेली तरी बोलली नसती.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला एक नवीन गोळी लिहून दिली, छोटीशी, रात्री झोपताना एक. बायने ती दोन-तीन दिवस घेतली. तोंड कोरडं पडलं, सकाळी डोकं जड. त्यात मी सुटीच्या दिवशी गावी गेलो.

"दाक्तर, ही कशाची हाय बग," म्हणून तिने पाकीट पुढे केलं.

मी नाव वाचलं. ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा मला आनंद झाला. "बाय, ही तर आमची! ही पावडर मी तपासतो!"

"तू?" बायचा चेहरा असा फुलला की जणू मी एव्हरेस्टवर चढलो होतो. तिने नवऱ्याला हाक मारली, "आयकलं का, ही गोळी आमच्या भावाची हाय!" मग मला विचारलं, "कशावर असते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्या छातीत तेव्हा जी हवा भरली होती, ती जरा बाहेर जाऊ द्यायला हवी होती. पण मी म्हणालो, "ही उदासीवर असते. मनाच्या आजारावर. आमच्याकडे भिंतीकडच्या टेबलावर."

बायने पाकीट परत घेतलं. "मंजे मी येडी?"

"तसं नाही…"

"दुकतंय बरगडीत आनि गोळी डोक्याची. मंजे बाईला वाटलं मी सोंग करते. नायतर येडी तरी."

"बाई चुकल्या असतील," मी म्हणालो. अगदी उदार होऊन म्हणालो. "गर्दीत होतं असं. ही बंद कर. दुखण्याचं खरं औषध मी देतो." आणि मी तिला डायक्लोफिनॅक दिलं, दिवसातून दोनदा, जेवल्यावर. जेवल्यावर घे हे सांगताना माझा आवाज कसा होता ते आठवलं की आजही कान गरम होतात.

पहिल्या आठवड्यात बाय फोनवर म्हणाली, बरं वाटतंय. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, हाय तसंच हाय. तिसऱ्या आठवड्यात फोन तिच्या नवऱ्याने उचलला. तो मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, "बसूनच असते. पोटात पन जळतं बोलते. तुला सांगू नको बोलली." मागून बायचा आवाज आला, "सांगू नको बोलले ना!"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी हे भिंतीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. गोरखपूरकडचा आहे, माझ्याइतकाच जुना, कधी आवाज न चढवणारा. मी गोष्ट अशी सांगितली की त्यात हुशार मीच होतो: डॉक्टरांनी चुकून उदासीची गोळी दिली, मी पकडली. त्याने ब्युरेटवरची नजर न हटवता ऐकून घेतलं.

"सर, मेरी अम्मा को भी यही मिली थी," तो म्हणाला. "कमर की नस के लिए."

"डिप्रेशन होगा उनको."

"अम्मा को?" तो हसला. "सर, अम्मा से पूरे मोहल्ले को डिप्रेशन होता है." मग एक थेंब सोडला, रंग बघितला, आणि हळूच म्हणाला, "नस का दर्द अलग होता है सर. दीदी को डॉक्टर के पास ले जाओ."

मी त्या दिवशी संदर्भाची जाडी पुस्तकं काढली. मालाची शुद्धता, वितळण्याचं तापमान, अशुद्धींची मर्यादा, हे सगळं मला पाठ होतं. औषध माणसाच्या अंगात जाऊन काय करतं, ते पान मी बारा वर्षांत कधी उघडलंच नव्हतं. त्याची मला गरज नव्हती. माझं औषध ड्रमपाशी संपायचं.

रजा टाकून मी गावी गेलो, बायला घेऊन एसटीने पालघरला आलो. खिडकीतून वारा लागला तरी तिला सोसेना, म्हणून ती पदर दोन बोटांनी अंगापासून उचलून धरून बसली होती. सगळा रस्ता. मी खिडकीची काच ओढायला गेलो, ती अर्ध्यावरच अडकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा प्यायलेला चहा. त्यांनी बायकडे बघूनच ओळखलं. "गोळी रात्रीची घेताय ना?"

"नाय. तीन आठवडे झाले, बंद केली."

"कुणी सांगितलं?"

बायने माझ्याकडे हात केला. तिच्या त्या हातात अजूनही अभिमान होता. "यानं. माजा भाऊ. हा पन दाक्तरकीतलाच हाय."

"असं? कुठे प्रॅक्टिस करता?"

"बोईसरला," मी म्हणालो. "म्हणजे प्रॅक्टिस नाही. क्वालिटी कंट्रोल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बंद का केलीत?"

"नैराश्याची गोळी आहे म्हणून. माझी बहीण उदास नाहीये."

"तीन आठवडे धड झोपल्या नाहीत असं दिसतंय. आता असतील उदास." मग त्यांनी मी काय दिलं ते विचारलं. मी सांगितलं. "यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, माहीत आहे ना? डायक्लोफिनॅकने दाब चढतो."

"आहे."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बारा वर्षांत इतकी तपासणी माझ्या कुठल्या बॅचची झाली नसेल.

मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, आणि सांगितलं ते बायकडे बघून, माझ्याकडे नाही. नागिणीचा विषाणू नसेत लपलेला असतो. फोड बरे होतात, पण नस भाजून निघते आणि खोटाच निरोप वर पाठवत राहते, आग लागली, आग लागली. कातडीत आग नसते. तुमच्या भावाची गोळी कातडीतली आग विझवणारी. "वायर जळाली आहे आणि हे रोज बल्ब बदलतायत." "मी लिहिलेली गोळी त्या वायरीसाठी आहे. उदासीला देतात त्याहून कितीतरी कमी मात्रेत दिली आहे. तोंड कोरडं पडेल, थोडी गुंगी येईल, ते कळवा, आपण जुळवून घेऊ. पण मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

मी मान खाली घालून ऐकत होतो. तेवढ्यात बाय म्हणाली, "बाई, त्याला नका बोलू. मीच इचारलं त्याला. त्याला कलम लावायचं तर मला पन लावा."

आजवर कारखान्यात मला दोन-तीन प्रमाणपत्रं मिळाली आहेत, फ्रेम करून भिंतीवर लावली आहेत. ते वाक्य फ्रेम करता आलं असतं तर मी ती सगळी उतरवली असती.

परत गावी आलो तेव्हा दुपार कलत होती. ओहोटी होती. बाय म्हणाली, "बाई बोलली ते समजलं. पन एक समजलं नाय. दोन्ही गोळ्या दुकन्याच्याच तर मंग तुज्याकडं दोन टेबलं कशाला?"

हा प्रश्न मला आमच्या एकाही ऑडिटरने कधी विचारला नव्हता. मी वलांडीचा एक मोडका बांबू घेतला आणि ओल्या वाळूवर बसलो.

आधी एक षटकोन काढला. एका टोकाला एक फांदी, दुसऱ्या टोकाला आम्लाची शेपटी. "हे आयबुप्रोफेन." शेजारी दुसरा षटकोन, छोट्या फांद्यांचा. "हे पॅरासिटॅमॉल, तापाचं." मग दोन षटकोन, मध्ये नायट्रोजनचा सांधा, एकाच्या अंगावर क्लोरिनचे दोन दागिने, दुसऱ्याला आम्लाची शेपटी. "हे डायक्लोफिनॅक. हे तुला मी दिलं."

"जे नको होतं ते."

"हो. ते." मग मी जरा लांब सरकून ॲमिट्रिप्टिलीन काढलं. दोन षटकोन, त्यांच्या मधोमध त्यांना जोडणारं सात बाजूंचं कडं, आणि त्यातून लांब निघालेली शेपटी, टोकाला नायट्रोजन. काढून झाल्यावर मी मागे सरकून बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते मला चित्रासारखं दिसलं. बायने मान तिरकी केली. "होडी हाय ही. मागं सुकाणू."

"त्या आम्लवाल्या गोळ्या," मी म्हणालो, "जखमेपाशी आग लावणारं एक रसायन शरीर बनवतं ना, ते बनवणारी भट्टी अडवतात. ही होडी तिकडे जातच नाही. नसेतून एक द्रव्य निघतं, निरोप शांत करणारं. ते निघालं की नस लगेच परत ओढून घेते. ही गोळी ते परत जायचं दार धरून ठेवते. द्रव्य जास्त वेळ राहतं, खालून आलेला दुखण्याचा निरोप वर जाता जाता मंद होतो. हेच द्रव्य मनाच्या कामालाही लागतं, म्हणून तीच गोळी जास्त मात्रेत उदासीला."

बायने वाळूतल्या होडीवरून बोट फिरवलं. "मंजे जबडा," ती म्हणाली. "बोंबलाच्या जबड्यात बोंबीलच बसतो. मांदेली घातली तर पडते. माज्या नसेच्या जबड्यात ही बसते, ती नाय बसत. यात उदासी कुटं आली?"

मी पुस्तकांत जे वाचलं होतं त्यात एवढं नेमकं वाक्य नव्हतं.

मला चेव आला. मी म्हणालो, "बाय, अजून गंमत दाखवतो," आणि आणखी दोन आकृत्या काढल्या, शेजारी शेजारी. एक ट्रामाडॉल, तीव्र दुखण्यावर देतात ते. दुसरं व्हेन्लाफॅक्सिन, उदासीवरचं. दोघांच्या अंगावर तसंच कडं, तीच मिथॉक्सीची फांदी, तोच नायट्रोजनचा शेंडा. जागा थोड्या इकडेतिकडे. एकात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त, बस. एक माझ्या खिडकीकडचं, दुसरं भिंतीकडचं. आणि ते दुखण्यावरचं ट्रामाडॉलसुद्धा अंगात गेल्यावर तेच दार धरायला जातं. एवढी सख्खी भावंडं की डॉक्टरच्या नजरेखाली नसताना दोघांना एका पोटात पाठवू नये, त्या द्रव्याचा पूर येतो आणि माणसाच्या जिवावर बेततं. आणि मी या दोघांमध्ये हातमोजे बदलत होतो!

हातमोजे बदलायचेच असतात, ते आजही बदलतो. लॅबमधली सरमिसळ पापच आहे. पण लॅबचा कायदा मी माणसाच्या अंगात लावायला गेलो होतो.

बाय म्हणाली, "भरती येते. पुस आता." मी पुसलं नाही. तेवढं तरी समुद्राने वाचावं.

पुढचे दिवस मी रोज सकाळी फोन करायचो. फोनवर फक्त एक विचारायचं ठरवलं होतं, गोळी घेतलीस का. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. तोंड कोरडं, सकाळी जड. डॉक्टरीणबाईंनी वेळ जरा अलीकडे घ्यायला सांगितली, मग मात्रा थोडी वाढवली. दुसऱ्या आठवड्यात बायच्या नवऱ्याने फोन उचलला आणि एकच शब्द बोलला, "झोपली." मी कारखान्याच्या गेटपाशी उभा होतो, हेल्मेट हातात. तिथला सुरक्षारक्षक विचारायला लागला, काय झालं साहेब. मी त्याला सांगितलं, आमची गोळी लागू पडली. तो म्हणाला, अभिनंदन. त्याला वाटलं असणार, मला काही तरी बढती मिळाली. एका अर्थाने मिळालीच होती.

महिना उलटून गेल्यावर मी गावी गेलो. लांबूनच बायची वलांडी दिसली. चार दोऱ्यांपैकी तीन भरलेल्या. बोंबलांची चांदी उन्हात हलत होती. चौथ्या दोरीपाशी बाय उभी होती, पदर खोचलेला, खोचलेला म्हणजे अंगाला घट्ट लागलेला, आणि उजवा हात वर. पूर्ण वर नाही, मध्येच थांबून श्वास घ्यायची, तोंड वाकडं करायची, पण हात दोरीपर्यंत जात होता. जबड्यात जबडा, टाक. जबड्यात जबडा, टाक. मी बराच वेळ लांबच उभा राहिलो. आमच्या गावची माणसं भावनेच्या भरात मिठी वगैरे मारत नाहीत. मी फक्त जोरात खोकलो.

शेजारच्या दोरीवरच्या दोन बायका पाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ही बरी कशी काय झाली. बस, मला एवढंच हवं होतं. मी बांबू घेतला, कोरड्या वाळूत षटकोन उमटेना तर पाटीच्या कडेवर बोटाने काढायला लागलो. होडी, सुकाणू, दार, भट्टी, आम्ल, नायट्रोजन, ट्रामाडॉल, त्याचा सख्खा भाऊ. बोईसर कुठे, आमचा निळा ड्रम कुठे, आणि तो फिरून फिरून दातिवऱ्याच्या या दोरीपर्यंत कसा आला, हेही सांगितलं. माझी छाती पुन्हा भरली होती आणि या खेपेला मी ती भरू दिली. तीन भरलेल्या दोऱ्या समोर हलत असताना कोण रिकाम्या छातीने उभा राहील?

बायका पाटी टेकवून, तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांतली मोठी बायला म्हणाली, "तुजा भाऊ लय हुशार हाय गो."

बायने हातातली जोडी दोरीवर टाकली, दुसरी घ्यायला वाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हुशार हाय, नाय कोन बोलतं? पन तुजं काय दुकलं तर पालघरला जा."